पाच दिवसांचा निवारा की जन्माचा कोंडवाडा?

घरात मारहाण झाली, भावाने घराबाहेर काढले, पुराचे पाणी शिरले, सांभाळणारी आई अचानक वारली, तर त्या रात्री माणूस जातो कुठे? धडधाकट माणूस एस.टी. स्टँडवर रात्र काढतो, मावशीचे दार ठोठावतो, सकाळी नाक्यावर उभा राहून दिवसाचा रोज मिळवतो. पण जी व्यक्ती चाकांच्या खुर्चीवर आहे, जिला दिसत नाही, जिला ऐकू येत नाही, जिला आपले नाव-पत्ता नीट सांगता येत नाही, तिने कुठे जावे? ऊठसूट फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राच्या शासन-प्रशासनाकडे या साध्या प्रश्नाचे धड उत्तर नाही. मिळते ते उत्तर दोन टोकांचे असते. एक तर ‘आमच्याकडे अशांची सोय नाही’, नाही तर ‘कायमचे दाखल करून टाका’. मधले काहीच नाही.

हे मधले म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करू. संकटाच्या वेळी पाच, दहा, तीस रात्रींचे सुरक्षित छप्पर. तिथे चढता येईल असा उतार, वापरता येईल असा संडास, मदतीला एक माणूस, खुणांची भाषा जाणणारा कोणी. आणि संकट टळल्यावर परत आपल्या घरी, आपल्या वस्तीत जाण्याची वाट. याला आपण तात्पुरता संकटकालीन निवारा म्हणू. गेल्या दहा वर्षांत या निवाऱ्याच्या बाबतीत कायदा बदलला, योजना बदलल्या, योजनांची नावेही बदलली. या बदलांतून अपंग माणसाच्या पदरात काय पडले, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही. आपल्या चळवळीनेही नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत अशी माणसे असताना नाही.

नावांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जातो. मी ‘अपंग’ हा शब्द वापरतो आहे. शासनाने ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ केला आणि आता तो कायद्याच्या मराठी नावातही आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात एका विधेयकात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ शब्द घातला गेला तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले होते. ज्याला अधिकार द्यायचा नाही त्याला देवाच्या नात्यातले नाव द्यायचे, ही युक्ती आपल्याला नवी नाही. अपंगांच्या संघटनांतही या शब्दावर दोन मते आहेत. त्यांनी काय म्हणवून घ्यायचे ते त्यांनी ठरवावे. पण अंगात दिव्यत्व आहे असे सांगून शासनाला संडासाचा उतार चुकवता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. ही गणना मोजक्या प्रकारांची होती. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले. म्हणजे खरा आकडा याहून मोठा आहे, एवढे सांगण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही.

आता कायदा. १९९५ च्या जुन्या अपंग व्यक्ती कायद्यात संकटकाळी निवारा हा विषयच नव्हता. कलम ५६ मध्ये ८० टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी शासन संस्था काढू ‘शकेल’ असे म्हटले होते. ‘शकेल’ म्हणजे काय, हे वकिलांना चांगले ठाऊक आहे. शकेल म्हणजे वाटले तर. आणि काढायची तीही संस्था; माणूस आत गेला की बाहेर येण्याचा रस्ता त्या कलमात नव्हता. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्या कराराचे कलम १९ सांगते की अपंग माणसाने कुठे आणि कोणाबरोबर राहावे हे त्याने ठरवायचे आहे. हा करार पाळायचा म्हणून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे.

या कायद्याची माहिती आपल्या कार्यकर्त्यांना असते ती नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणापुरती. ते महत्त्वाचे आहेच. पण ज्याला आज रात्री झोपायला जागा नाही त्याच्या कामाची कलमे वेगळी आहेत. कलम ५ म्हणते, अपंग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिच्यावर अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती होऊ नये यासाठी शासनाने झटावे. कलम ८ युद्ध, आपत्ती आणि संकटाच्या प्रसंगी समान संरक्षण देते. कलम ९ म्हणते, केवळ अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडता येणार नाही. सक्षम न्यायालयाने मुलाच्या हितासाठी आदेश दिला तर गोष्ट वेगळी. आईबाप सांभाळू शकत नसतील तर जवळचे नातेवाईक, ते नसतील तर त्याच समाजातले एखादे कुटुंब, आणि अपवाद म्हणूनच निवारागृह, असा क्रम कायद्याने लावून दिला आहे. कलम २४ मध्ये कुटुंब नसलेल्या, टाकून दिलेल्या, निवारा नसलेल्या अपंगांसाठी सोयी करण्याच्या योजना शासनाने आखाव्यात असे म्हटले आहे.

कलम २४ वाचताना एक खोच ध्यानात घ्या. तिथे ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असे शब्द आहेत. ही पळवाट आहे. मायबाप सरकारची कुवत स्मारके, महामार्ग आणि जाहिरातींच्या वेळी कधी कमी पडत नाही. ती निवाऱ्याच्या वेळी नेमकी संपते. म्हणून मी नेहमी कलम ७ कडे बोट दाखवतो. त्या कलमात कुवतीचा उल्लेख नाही.

कलम ७ हे छळ, हिंसा आणि शोषण यांपासून संरक्षणाचे कलम आहे. कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था कार्यकारी दंडाधिकाऱ्याला खबर देऊ शकते की अमुक अपंग व्यक्तीचा छळ झाला आहे, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे. आपल्याकडे तालुक्याचा तहसीलदार हा कार्यकारी दंडाधिकारी असतो. म्हणजे दाद मागायला जिल्हा न्यायालयाची पायरी चढायला नको, मुंबईला जायला नको. खबर मिळाल्यावर त्या अधिकाऱ्याने तातडीने पावले उचलायची आहेत. पीडित व्यक्तीची सुटका करण्याचा, पोलिसांना किंवा अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला तिची सुरक्षित व्यवस्था करण्यास सांगण्याचा, तिची इच्छा असेल तर तिला संरक्षणात ठेवण्याचा आणि तिच्या निर्वाहाची सोय लावण्याचा आदेश तो देऊ शकतो. याच कलमात पोलिसांवर कर्तव्य आहे. तक्रार घेऊन आलेल्या अपंग व्यक्तीला संरक्षणासाठी अर्ज करण्याचा तिचा हक्क, दंडाधिकाऱ्याचा पत्ता, पुनर्वसन करणाऱ्या जवळच्या संस्थेचा पत्ता आणि मोफत कायदेशीर मदतीचा हक्क पोलिसांनी सांगायचा आहे. मोफत मदतीचा हा हक्क १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अपंगांना उत्पन्नाची अट न घालता दिलेला आहे.

‘तिची इच्छा असेल तर’ हे तीन-चार शब्द साधे वाटतात. पण सगळा बदल त्यातच आहे. आजवर अपंगांचे भले करताना त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती. कायद्याच्या इंग्रजी प्रतीत ‘कस्टडी’ हा शब्द आहे आणि तो वाचला की पोलिसांना फक्त कोठडी आठवते. पण ज्या ताब्यातून स्वतःच्या इच्छेने बाहेर पडता येते तो ताबा नव्हे, तो आसरा. मानसिक आजार असलेल्यांच्या बाबतीत तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने स्पष्टच सांगितले आहे की रस्त्यावर भटकताना सापडलेल्या व्यक्तीला लॉकअपमध्ये ठेवता येणार नाही. तिला २४ तासांच्या आत शासकीय आरोग्य केंद्रात न्यायचे, आणि ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून तिच्या घरच्यांचा शोध घेण्याची जबाबदारी पोलीस ठाण्याची. याच कायद्याचे कलम १९ म्हणते, केवळ कुटुंब नाही, घरचे घेत नाहीत किंवा घर नाही म्हणून कोणालाही मनोरुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही. त्यासाठी हाफ-वे होम, समूहनिवास उभारण्याचे काम शासनाचे. हाफ-वे होम म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम.

कायदा असा चांगला. आता व्यवहार पाहा.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथे बरी होऊनही घरी न जाऊ शकलेली माणसे वर्षानुवर्षे राहतात, ही गोष्ट गुपित नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अहवालात देशातील ४३ शासकीय मनोरुग्णालयांची पाहणी होती. तिथले एक तृतीयांशाहून अधिक लोक वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ आत होते. गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना यांच्या पुनर्वसनाचे आदेश दिले. त्यावर महाराष्ट्राने काय केले? बऱ्या झालेल्या माणसांना मनोरुग्णालयातून काढले आणि भिक्षेकरी गृहांत, वृद्धाश्रमांत नेऊन ठेवले. कागदावर रुग्ण कमी झाले. जुलै २०२१ मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने ही पद्धत कायद्याच्या हेतूविरुद्ध असल्याचे सांगून ती ताबडतोब थांबवायला लावली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र शासनाला सांगावे लागले की आजारातून बरा झालेला माणूस भिकारी नसतो!

भिक्षेकरी गृहाचा हा रस्ता सहज उपलब्ध का होतो, याचे उत्तर १९५९ च्या मुंबईच्या भीक प्रतिबंधक कायद्यात आहे. या कायद्यातली भिकेची व्याख्या वाचली तर अंगावर काटा येतो. भिक्षा मिळवण्यासाठी जखम, व्यंग किंवा रोग दाखवणे ही भीक. निर्वाहाचे दिसणारे साधन नाही आणि मागून खात असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणे किंवा थांबणे, हीसुद्धा भीक. म्हणजे कुबड्या घेतलेल्या बाईला भावाने रात्री घराबाहेर काढले आणि ती स्टेशनवर बसली, की तिने कोणापुढे हात पसरला नसला तरी ती या व्याख्येत बसू शकते. पहिल्यांदा १ ते ३ वर्षे, पुन्हा सापडल्यास १० वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्याचा हा कायदा, त्या महाराष्ट्रात तो पुस्तकात आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या लामपूर भिक्षेकरी गृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी गृहे तुरुंगासारखी चालवता येणार नाहीत. चांगले झाले. पण संकटात सापडलेल्या अपंगाला तिथे नेण्याचे मुळात कारणच काय?

आता योजनांकडे येतो. इथे बदलांचा गोंधळ जास्त आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष नाही.

अत्याचारग्रस्त महिलांसाठी १ एप्रिल २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर सुरू झाले. तिथे तात्पुरता निवारा मिळतो, पण जास्तीत जास्त पाच दिवस. पुढची सोय स्वाधार गृहात व्हायची. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’ आले आणि स्वाधार व उज्ज्वला या दोन योजना एकत्र करून ‘शक्ती सदन’ असे नवे नाव दिले गेले. संकटात सापडलेल्या सगळ्या महिलांसाठी ते आहे. सगळ्या महिलांत अपंग महिलाही आल्या, असे कागद सांगतो. प्रत्यक्षात पहिल्या मजल्यावरचे सदन, उकिडवे बसायचे संडास आणि ‘आमच्याकडे आया नाही’ हे वाक्य, एवढ्यावर अपंग महिला दारातूनच परत जाते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे पीडितेने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने मागणी केल्यास निवारागृहाने निवारा ‘द्यायचाच’ आहे. अपंग सोडून, असे त्यात लिहिलेले नाही.

दुसरी योजना राष्ट्रीय न्यासाची. १९९९ च्या कायद्याने हा न्यास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी स्थापन झाला. त्याची ‘समर्थ’ ही योजना होती. कुटुंबावर संकट आले, आई आजारी पडली, बापाचे काम सुटले, तर मुलाला काही काळ सुरक्षित ठेवण्यासाठी. ‘घरौंदा’ ही दुसरी योजना, आईबापांमागे कोणी नाही अशा प्रौढांच्या कायमच्या निवासासाठी. अलीकडच्या वर्षांत या दोन्ही जोडून ‘समर्थ-सह-घरौंदा’ अशी एकच निवासी योजना केली गेली. कारभाराच्या दृष्टीने ते सुटसुटीत असेल. पण थोड्या दिवसांचा आसरा आणि जन्माचा निवास एका छताखाली आणला तर कोण कोणाला गिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कारण साधे आहे. संकटकालीन निवाऱ्याचे भांडवल म्हणजे रिकामी खाट. आज रात्री कोणी आले तर त्याला द्यायला एक खाट रिकामी हवी. आणि आपल्याकडे निवासी संस्थांना परिपोषण अनुदान मिळते ते माणशी, डोकी मोजून. रिकाम्या खाटेला अनुदान नाही. मग संस्थाचालक काय करणार? खाट कायम भरलेली राहील असेच लोक तो घेणार. चार दिवसांसाठी येणारी बाई त्याला परवडत नाही. ती रडते, तिचा भाऊ येऊन दारात शिव्या देतो, पोलीस येतात, आणि पाचव्या दिवशी ती निघून जाते. त्यापेक्षा जन्मभर गप्प बसून राहणारा माणूस बरा. यात संस्थाचालकाला दुष्ट ठरवायची गरज नाही. अनुदानाचा नियमच त्याला तसे वागायला शिकवतो. अग्निशामक दलाची गाडी आग लागलेली नसतानाही पगारी माणसांसह उभी असते. ती रिकामी उभी आहे म्हणून कोणी तिचे पैसे कापत नाही. निवाऱ्याच्या खाटेला मात्र ही बुद्धी लावली जात नाही.

आणि कायमच्या खाटांच्या या संस्थांत काय घडते तेही आपण पाहिले आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मेले. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडास येथे मतिमंद मुलांच्या आश्रमात मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जुलै २०२४ मध्ये दिल्ली सरकारच्या आशा किरण या निवासी संस्थेत एका महिन्यात १४ मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शासकीय संस्थांची पाहणी राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे सोपवली. मोठी इमारत, पुष्कळ माणसे, कोणी विचारणारे नाही, हा त्यांतला सारखेपणा.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. नावगाव सांगत नाही. वस्तीतली तिशीची बाई, लहानपणी पोलिओ झालेली, कुबड्या घेऊन चालणारी. शिवणकाम करून चार पैसे मिळवणारी. आई गेली आणि आईच्या नावावरच्या खोलीवर भावाची नजर गेली. रोज मारहाण. एका रात्री शिलाई मशीन आणि बाई दोन्ही बाहेर. पोलीस ठाण्यात ‘घरगुती मामला’ म्हणून बसवून ठेवले. महिलांच्या निवारागृहाने जिना दाखवला. एका सद्‌गृहस्थाने वृद्धाश्रम सुचवला. तिचे वय एकतीस! दुसऱ्याने अपंगांच्या एका संस्थेचे नाव सांगितले, तिथे म्हणाले, कायमची दाखल होणार असेल तर कागद करा. ती म्हणाली, मला घर आहे, मी कायमची का येऊ?

दुसऱ्या दिवशी कलम ७ चा अर्ज तहसील कचेरीत दिला. कारकुनाने विचारले, हा कोणता कायदा? कायद्याचे पुस्तक त्याच्यासमोर ठेवले. तहसीलदार मात्र वाचणारा निघाला. त्याने संध्याकाळपर्यंत आदेश काढला. एका लहान संस्थेने तळमजल्यावरची आपली कार्यालयाची खोली रिकामी करून दिली. अकरा रात्री ती तिथे राहिली. दरम्यान कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. तो कायदा केवळ नवऱ्याविरुद्ध नाही, एका घरात राहणाऱ्या भावाविरुद्ध बहिणीलाही लागू पडतो. न्यायालयाने तिला घरातून काढण्यास मनाई केली. बाराव्या दिवशी ती मशीनसह स्वतःच्या खोलीत परत गेली. आजही तिथेच आहे, ब्लाऊज शिवते आहे.

अकरा रात्री. तिला एवढेच हवे होते. त्या अकरा रात्री मिळाल्या नसत्या तर एक तर ती मार खात राहिली असती, नाही तर कुठल्या तरी संस्थेत तिची जन्माची नोंद झाली असती आणि खोली भावाची झाली असती. आपल्याकडे अपंग बाईला संस्थेत टाकण्यामागे कितीदा मालमत्ता असते, हे न्यायालयात बसणाऱ्यांना विचारा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या दहा बाय पंधराच्या खोलीसाठीसुद्धा हे होते. श्रीमंतांच्या बंगल्यात होत नाही असे नाही, पण तिथे अपंग बहिणीला ठेवायला निदान एक खोली जास्त असते. आपल्या वस्तीत ती नसते. म्हणून हा प्रश्न आधी आपला आहे.

मग करायचे काय? पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतील नववी नोंद अपंगांच्या साहाय्याची आहे आणि अनुच्छेद ४१ बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व या प्रसंगी सरकारी मदतीची दिशा दाखवतो. तेव्हा महाराष्ट्राला दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. त्याहून जवळचा पैसा म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातून अपंगांसाठी खर्च करायचा ५ टक्के निधी. हा निधी कुठे पडून राहतो, कुठे मार्चअखेर घाईघाईने वाटपाच्या कार्यक्रमात संपतो, पुढाऱ्यांचे फोटो निघतात. याच निधीतून प्रत्येक तालुक्याला तळमजल्यावर दोन खोल्या, चार खाटा, उतार, कमोड आणि पाळीपाळीने दोन मदतनीस एवढे का होऊ नये? अट एकच घालावी. या खाटांचे अनुदान डोक्यांवर नाही, वर्षाचे ठोक द्यायचे. खाट रिकामी राहिली तरी द्यायचे. आणि मुक्कामाची मुदत लिहून ठेवायची. तीस दिवस म्हणू, गरज पडल्यास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने वाढवता येईल. मुदत संपताना ‘आता पुढे कुठे’ हे त्या व्यक्तीला विचारून लिहायचे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सुगम्यतेचे बंधनकारक नियम करायला सांगितले; नुसत्या मार्गदर्शक सूचना चालणार नाहीत असे बजावले. निवारागृहांना ते लावून घेणे आपल्या हातात आहे. आणि पुराच्या छावण्यांनाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, २०२१ मध्ये महाड-चिपळूणला पूर आला तेव्हा लोकांना शाळांत, मंगल कार्यालयांत हलवले. ज्या शाळेच्या संडासाला तीन पायऱ्या आहेत तिथे चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने काय करावे? तो पाणी पिणेच बंद करतो. पावसाळ्याआधी आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठका होतात, तिथे छावण्यांची यादी असते. त्या यादीवर उताराचा रकाना टाकायला किती खर्च येतो?

एक प्रश्न आपल्यालाही विचारतो. आपल्या किती विहारांना उतार आहे? गावोगाव विहारे झाली, संगमरवर लागला, आणि पायऱ्या पाच. कलम ७ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था’ असे शब्द आहेत; आपली महिला मंडळे, विहार समित्या, वाचनालये यांतल्या कितीतरी नोंदणीकृत आहेत. रात्री-अपरात्री पहिले दार त्यांचेच वाजते. त्यांनी निवारागृह चालवावे असे मी म्हणत नाही. ते शासनाचे काम आहे आणि ते शासनाच्या अंगावरून आपण काढून घेऊ नये. पण अर्ज कोणी लिहायचा, हे तर ठरवता येईल.

अर्ज साध्या कागदावर चालतो. वर ‘कार्यकारी दंडाधिकारी तथा तहसीलदार’ आणि ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ७ अन्वये खबर’ असे लिहावे. व्यक्तीचे नाव, अपंगत्व काय, काय घडले, कोणी केले, आज रात्री धोका काय आहे आणि तिची स्वतःची इच्छा काय आहे, एवढे पुरे. प्रमाणपत्र असेल तर जोडावे. नसेल म्हणून थांबू नये, कारण कलम ७ प्रमाणपत्राची अट घालत नाही. अन्न-पाणी तोडले असेल तर कलम ९२ चाही उल्लेख करावा. ज्याच्या ताब्यात अपंग व्यक्ती आहे त्याने जाणूनबुजून तिला अन्न किंवा पाणी नाकारणे हा सहा महिने ते पाच वर्षे शिक्षेचा गुन्हा आहे. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, एक पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. आणि प्रत्येक प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्यावी. रात्री कचेरी बंद असेल तर पोलीस ठाण्याच्या ठाणे अंमलदाराकडून घ्यावी, त्याचा बक्कल नंबर लिहून घ्यावा.